चौथी परीक्षानळी

प्रमिला,

तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. व्यासपीठावर तुझा फोटो होता, फोटोला निशिगंधाचा हार होता, आणि एकामागून एक माणसं माइकसमोर येऊन तुला विशेषणं वाहत होती. शिस्तप्रिय. विद्यार्थिप्रिय. कर्तव्यतत्पर. संस्थेच्या कार्यवाहांनी तू पंचमहाभूतांत विलीन झालीस असं जड आवाजात सांगितलं, तेव्हा तू मागच्या बाकावरून काय विचारलं असतंस ते मला स्पष्ट ऐकू आलं. ‘पाचांपैकी एक तरी मूलद्रव्य आहे का त्यात?’ मी हसले. शोकसभेत हसलेली बाई म्हणून दोघीतिघींनी वळून पाहिलं. पाहू देत.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मराठीची शिक्षिका, तुझी वीस वर्षांची शेजारीण, हिच्याकडे शब्द असणारच, असा सभेचा समज होता. मी उठले नाही. तुझ्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती हाराच्या वासात सांगण्यासारखी नव्हती. आता शाळेच्या वार्षिक अंकासाठी हा लेख मागितला आहे. वाचल्यावर तो छापायचा की नाही, हे ज्यांनी ठरवायचं ते ठरवतील. मी मात्र तो त्यांच्यासाठी लिहीत नाही.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या आपल्या शाळेचा तिसरा मजला. एका भिंतीच्या अलीकडे माझा दहावी ‘ब’चा वर्ग आणि पलीकडे तुझी प्रयोगशाळा. मी कविता शिकवत असताना तांबट आळीतून हातोड्यांचे ठोके यायचे, त्यांच्याशी मी लय जुळवून घेतली होती. तुझ्याकडून येणाऱ्या वासांशी मात्र जुळवून घेता येत नव्हतं. अमोनियाचा वास नाकातून थेट कपाळात चढायचा. कधी पोहण्याच्या तलावासारखा ओला, बोचरा वास भिंतीवरच्या झरोक्यातून उतरायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली खोकायला लागायच्या. असाच एक दिवस मी तक्रार घेऊन तुझ्या दारात आले. तू विदर्भातून नुकतीच आली होतीस, वैरागडे बाई म्हणून मुली तुला अजून बिचकत होत्या. तुझ्यासमोर काचेच्या दोन बरण्या होत्या आणि दोन्हींत हिरवट पिवळा वायू धुक्यासारखा बसला होता.

‘आल्या का? बरं झालं. हे धरा,’ म्हणून तू माझ्या हातात स्नेहसंमेलनाच्या जुन्या लाल पताकेचे दोन तुकडे दिलेस. एक कोरडा, एक पाण्यात बुडवलेला. तक्रार माझ्या तोंडातच राहिली. तू क्लोरीन आधी सल्फ्युरिक आम्लातून नेऊन कोरडा केला होतास, बरण्याही कोरड्या ठणठणीत होत्या. कोरडा तुकडा आत गेला, तसाच लाल राहिला. ओला गेला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा लाल गुलाबी झाला, गुलाबी पुसट झाला, आणि मग नुसतं कापड उरलं.

‘ज्याला ओल असते तोच रंग गमावतो,’ मी म्हणाले. त्या वयात मला अशी वाक्यं सुचायची आणि सुचली की आवरायची नाहीत.

तू माझ्याकडे पाहिलंस. ‘काय सांगून राहिल्या तुम्ही? त्यानं काही गमावलं नाही. क्लोरीनला पाणी मिळालं की आम्ल बनतं, ते रंग उडवतं. कोरड्यात पाणी नाही म्हणून होत नाही. एवढंच.’

‘एवढंच?’

‘एवढंच म्हणजे कमी वाटलं का तुम्हाला?’

आपलं भांडण त्या दिवशी सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही. तुझं म्हणणं, आम्ही कवितेची माणसं जे नाही ते लिहितो. माझं म्हणणं, आम्ही आहे तेच लिहितो, फक्त थोडं आडून. ‘आडून काऊन वं? समोरून काय होतं?’ हा तुझा प्रश्न. अहोजाहो तोवर गळून पडलं होतं. मी उत्तर म्हणून तुला किती ओळी म्हणून दाखवल्या असतील. तू डबा खात शांतपणे ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, ‘छान आहे. पण हे तू पाहिलं का?’

हॅलोजन तुझे लाडके. लवण घडवणारी मूलद्रव्यं, असा त्या नावाचा अर्थ तूच मला सांगितलास, आणि तो शब्द मला इतका आवडला की मी तो दिवसभर जिभेवर घोळवत होते. चौघांची तू मुलींना अशी ओळख करून द्यायचीस जशी आपण घरातल्या माणसांची करून देतो. फ्लोरीन भारी तापट, त्याला मी शाळेत बोलावत नाही. क्लोरीन कामसू पण त्याच्याजवळ नाक न्यायचं नाही. ब्रोमीन तांबडा, जड, चुकून सांडला तर कातडी जाळणारा. आणि आयोडीन, काळपट चकचकीत स्फटिकांचा, जो कोरड्या नळीत जरा तापवला की न वितळल्यासारखाच जांभळा वायू होऊन वर चढतो आणि वरच्या थंड काचेवर पुन्हा स्फटिक होऊन बसतो. तो जांभळा रंग मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. घरी जाऊन त्यावर लिहायला बसले, आणि तुझ्या आवाजाने मला थांबवलं. ‘जांभळा’ या शब्दापुढे एकही शब्द त्या दिवशी ठेवला नाही. ती माझ्या वहीतली सर्वांत लहान कविता आहे.

पण मला बोलायचं आहे ते चौथ्या नळीबद्दल.

बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. दहावीच्या प्रात्यक्षिकात एक प्रयोग असायचा. दिलेल्या द्रावणात क्लोराइड आहे, ब्रोमाइड आहे की आयोडाइड, हे ओळखायचं. नळीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड, फिकट पिवळा आला तर ब्रोमाइड, गडद पिवळा आला तर आयोडाइड. बहुतेक शाळांत हा प्रयोग मुली हातात नळी न धरताच करतात. मोठ्या बहिणीची वही असते, बाजारात गाईड असतं, ‘निरीक्षण’ या रकान्यात काय लिहायचं ते साऱ्या महाराष्ट्राला पाठ असतं.

तू प्रत्येक मुलीला तीन नळ्या द्यायचीस आणि चौथी. चौथीत नुसतं ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाणी. सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी ते पाणीच राहतं. उत्तरपत्रिकेत चौथीसाठीही तसाच रकाना असायचा, निरीक्षण आणि अनुमान. मुली नळी हलवायच्या, उजेडात धरायच्या, एकमेकींकडे चोरून पाहायच्या, आणि मग चाळीसातल्या पस्तीसजणी लिहायच्या, ‘पांढरा साका मिळाला. म्हणून क्लोराइड.’ कारण पुस्तकात उत्तरं तीनच होती, आणि काहीच न होणं हे आपल्याकडे उत्तर धरत नाहीत.

‘या पोरी खोटं नाही लिहीत,’ तू म्हणायचीस. ‘त्यांना खरंच दिसतं पांढरं. तेच तर भेव आहे.’

वर्षभर सरावाला तू त्या पस्तीसजणींना पुन्हा नळीसमोर उभं करायचीस. रागवायची नाहीस. फक्त विचारायचीस, ‘काय दिसतं? पुस्तक मिटून सांग.’ परीक्षेपर्यंत पस्तीसच्या पंधरा व्हायच्या. कधी दहा. दहाजणींचे गुण जायचे आणि कुणी काही बोलायचं नाही, कारण त्या काळात दहावीचा एखादा गुण कुणाच्या आयुष्यात एवढा मोठा नव्हता.

मग काळ बदलला. पेठेपेठेत संगणकाचे क्लास निघाले. हडपसरला उसाच्या फडांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आणि घराघरांत एक साखळी पाठ झाली. दहावीचा गुण म्हणजे कॉलेज, कॉलेज म्हणजे इंजिनिअरिंग, इंजिनिअरिंग म्हणजे कंपनीची बस, नाहीतर थेट विमान. त्या साखळीला मी नावं ठेवत नाही. मुलींच्या आयांनी आयुष्यभर ज्या दारांकडे नुसतं पाहिलं होतं, ती दारं पहिल्यांदाच उघडत होती. तूही नावं ठेवली नाहीस. टंकलेखन येत नसताना चाळिशी उलटल्यावर तू संगणक शिकलीस. पण एका वर्षी तुझ्या परीक्षेत फक्त तिघींनी चौथ्या नळीसमोर ‘काही दिसले नाही’ असं लिहिलं, बाकी सगळ्यांचे त्या नळीचे गुण तू कापलेस, आणि पालक शाळेत आले.

‘अहो, सिलॅबसमध्ये तीनच आयन आहेत,’ एक गृहस्थ म्हणाले. ‘हे चौथं उत्तर आलं कुठून?’

‘काहीच नाही, हे सिलॅबसच्या बाहेरचं आहे हे मला माहीत नव्हतं,’ तू म्हणालीस. पुण्यात राहून तू एवढं शिकली होतीस.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आपल्या मुख्याध्यापिकांनी, तुला गुणांची यादी दुरुस्त करायला सांगितली. तू नाही म्हणालीस. यादी माझ्याकडे आली, कारण परीक्षा विभाग माझ्याकडे होता. दुरुस्त केलेली यादी. सगळ्यांना चौथ्या नळीचे पूर्ण गुण.

मी सही केली.

त्या दिवशी मी मनाशी जे जे म्हणाले ते सगळं सुंदर होतं. मुलींचं नुकसान नको. तत्त्वापेक्षा माणूस मोठा. प्रमिला कठोर आहे, कुणीतरी मऊ असायला हवं. आज त्यातलं एकही वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. मला दारातल्या माणसांची भीती वाटली होती, एवढंच होतं. आणि ज्या तिघींनी वर्ग, पुस्तक आणि स्वतःची धडधड यांच्याविरुद्ध जाऊन खरं लिहिलं होतं, त्या माझ्या सहीने बाकीच्यांच्या ओळीत जाऊन बसल्या. खरं लिहिण्याचं मोल मी शून्य केलं. त्या तिघींची नावं मला आठवत नाहीत. तुला आठवत असतील.

तू एकदाच विचारलंस. ‘सही तुझी आहे?’

‘हो.’

‘बरं.’

त्यानंतर कित्येक महिने मधल्या सुटीत तू थर्मासमधून एकच कप ओतायचीस. मी समोर असायचे, तू समोर असायचीस, कप एकच. मग जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तू न बोलता दोन कप मांडलेस. मी तो चहा प्यायले आणि माफी मागायची राहिली. आज मागते उद्या मागते करताना ती इतकी जुनी झाली की काढली असती तर तिचाच वास आला असता.

एकदाच तू त्या सहीकडे बोट दाखवलंस. एका रविवारी मी हडपसरला तुझ्या घरी आले होते. तुझे घरमालक गच्चीवर उन्हात बसले होते. त्यांच्या उरलेल्या शेताच्या जागी बांधकाम चाललं होतं. ते म्हणाले, ‘आता ऊस कशाला पायजे, बाई? हितं कंप्युटर उगवत्यात.’ आणि स्वतःच हसले, आणि हसून झाल्यावर बराच वेळ तिकडेच बघत राहिले. खाली येताना मी तुला म्हणाले, ‘हे तुझ्या क्लोरीनसारखंच झालं. ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीनचं पाणी ओतलं की तो ब्रोमीनला हुसकावून स्वतः जागा घेतो. जो जोरकस त्याची जागा.’

जिन्यात तू थांबलीस. ‘नाही. तसं नाही ते. क्लोरीनला निवड नसते. त्याची कुणी सही घेत नाही. माणसाची घ्यावी लागते.’

मग तू कुलूप उघडलंस आणि पोहे टाकायला आत गेलीस. मी तिथेच बोलायला हवं होतं. कांदा चिरल्याचा आवाज येत होता, खाली काँक्रीटचा मिक्सर फिरत होता, सिमेंटचा ओला वास होता. मला सगळं आठवतं. फक्त माझा आवाज त्यात नाही.

आणि मग या जानेवारीत तू गेलीस, प्रात्यक्षिक परीक्षा नऊ दिवसांवर असताना. शोकसभेच्या दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या दुष्ट नाहीत. दोन जागा रिक्त, वरून रोज नवं परिपत्रक, आणि सुटीत प्रयोगशाळेचे ओटे काढून तिथे संगणककक्ष करायचा निर्णय झालेला. त्या दमल्या आहेत.

‘आपटे बाई, ऐन वेळी वैरागडे बाईंच्या जागी कोण आणणार? मुलींच्या वह्या पूर्ण आहेत. आठवीच्या विज्ञानाची शिल्पा फळ्यावर निरीक्षणं लिहून देईल, मुली उतरवून घेतील. परीक्षा झाली असं आपण बोर्डाला कळवू. तुमची सही लागेल.’

‘परीक्षा झाली की करते.’

‘झाली असं समजायचं.’

‘समजून घ्यायचं काम मी कवितेच्या तासाला करते, बाई. सही पाहून करीन.’

त्यांनी चष्मा काढला. ‘हे कधीपासून?’

प्रश्न रास्त होता. ती जुनी यादी त्यांनाही आठवत होती. माझा चेहरा तापला, पण मी खुर्चीतून हलले नाही.

‘कालपासून,’ मी म्हणाले.

शिल्पाला गाठलं. आठवीला विज्ञान शिकवणारी, शिक्षणसेविका म्हणून दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. ती घाबरली. ‘बाई, मी अजून परमनंट नाही. मला प्लीज मध्ये नका घेऊ.’

‘तू मध्ये नाहीसच. तू परीक्षा घ्यायची. मध्ये मी आहे.’

प्रयोगशाळेच्या शिंदेमामांनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी किल्ल्या काढल्या, सिल्व्हर नायट्रेटची तपकिरी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘पुरंल.’ त्यांच्या बोटांवर तुझ्या बोटांवर होते तसेच काळे डाग आहेत. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि दिवसेंदिवस जात नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुझा हात हातात घेतला तेव्हा ते डाग होते. परिचारिकेने स्पिरिटने पुसून पाहिले. मी तिला म्हटलं, राहू दे, ते तिचे आहेत.

परीक्षेच्या सकाळी तीन द्रावणं मामांनी केली. चौथी बाटली मी म्हटलं मी भरते. ते काम मला कुणाला द्यायचं नव्हतं. तुझ्यासाठी काहीतरी माझ्या हाताने व्हावं, एवढाच त्यामागचा हट्ट. बाटली घासली, धुतली, शिक्षक खोलीतल्या माठातलं स्वच्छ, गार, गाळलेलं पाणी काठोकाठ भरलं, आणि इतरांच्या शेजारी नेऊन ठेवली. माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं, पाण्याइतकं निर्मळ काही नाही.

पहिल्या तुकडीच्या एकोणीस मुली. तासाभराने मी उत्तरपत्रिका चाळल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीसच्या एकोणीसजणींनी लिहिलं होतं, चौथी नळी, पांढरा साका, क्लोराइड. एकही नाही. तू जाऊन दहा दिवस झाले नाहीत आणि एकही नाही.

‘चौथ्या नळीत तुम्हाला काय दिसलं?’ मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

‘पांढरं, बाई.’

‘दिसलं, का पुस्तकात आहे म्हणून लिहिलं? वैरागडे बाईंनी वर्षभर तुम्हाला हेच शिकवलं का?’

मग मागून एक मुलगी, गायत्री, नळी घेऊन पुढे आली. ती घाबरलेली होती, पण तिने नळी खाली ठेवली नाही. ‘बाई, तुम्ही बघता का?’

मी पाहिलं. पाहिलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नळीत ताकाच्या निवळीसारखी पांढुरकी धूसर लाट होती. पातळ, पण होती. दुसरी नळी उचलली, तिसरी उचलली. सगळ्यांत.

शिल्पा माझ्या कानाशी आली. ‘बाई, चौथीत पाणी कुठलं घेतलं?’

‘माठातलं. पिण्याचं.’

‘बाई,’ ती अगदी हळू म्हणाली, ‘नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. त्यात महापालिका क्लोरीनही घालते.’

वीस वर्षं तू माझ्या देखत नळ्या आधी ऊर्ध्वपातित पाण्याने विसळत होतीस, आणि मी तुझ्या हातांच्या हालचालीची लय पाहत होते. का विसळतेस, हे मी कधी विचारलं नाही. एकोणीस मुलींनी समोर जे होतं ते लिहिलं होतं. त्या खोलीत न पाहता निरीक्षण लिहिणारी एकच बाई होती, आणि ती मुलींना दरडावत उभी होती.

मी त्यांची माफी मागितली. सरळ, समोरून. ‘चूक माझी आहे. तुम्ही बरोबर पाहिलंत.’ मुलींना काय करावं कळेना. शिक्षकांनी माफी मागितल्यावर काय म्हणायचं हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गायत्री म्हणाली, ‘इट्स ओके, बाई,’ आणि कुणीतरी खुदकन हसलं.

गोष्ट इथे संपली असती तर ती माझ्यासारख्या बायका लिहितात तशी गोष्ट झाली असती. पण दुपारी दुसरी तुकडी होती. मामांनी चौथी बाटली स्वतः विसळली, कॅनमधलं ऊर्ध्वपातित पाणी भरलं, शिल्पाने थेंब टाकून पाहिला, मी डोळे लावून पाहिलं. काहीही झालं नाही. मुली आल्या, प्रयोग केला, पेपर दिले. एकोणीसपैकी तेराजणींनी चौथ्या नळीसमोर लिहिलं, पांढरा साका, क्लोराइड.

मामांनी चौकशी केली. मधल्या सुटीत जिन्यात पहिल्या तुकडीने दुसरीला सांगितलं होतं, चौथी पांढरी येते, आम्ही स्वतः बघितलं, बाईंनीसुद्धा मान्य केलं.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. ‘सोपं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘चौथा प्रश्न रद्द करा. सगळ्यांना सरसकट गुण. कुणाचंच नुकसान नाही.’

‘सहाजणींचं आहे.’

‘अहो, एकाच प्रश्नाला सकाळी पांढरं बरोबर आणि दुपारी पांढरं चूक? पालकांना मी काय सांगू?’

‘सांगा, जिने जे समोर होतं ते लिहिलं, तिला गुण दिले. सकाळच्या सगळ्यांना आणि दुपारच्या सहाजणींना. आणि सकाळी पाणी चुकीचं होतं, ती चूक परीक्षा विभागाची. मी तसं लिहून देते.’

‘विभागप्रमुख असं लिहून देत नसतात, आपटे बाई.’

‘देत नव्हत्या,’ मी म्हणाले.

मी लिहून दिलं. कुठलं पाणी, कुठून घेतलं, कुणी भरलं. एकही विशेषण वापरलं नाही. त्याच कागदावर खाली जुन्या यादीबद्दलही लिहिलं, की ती सही माझी होती, वैरागडे बाईंची हरकत असताना केली होती, आणि चुकीची होती. आता त्याने कुणाचा गुण बदलत नाही. पण शाळेच्या दप्तरात तुझ्या नकाराशेजारी आता माझा कबुलीजबाब आहे, आणि तो काढायचा तर कुणाला तरी हाताने फाडावा लागेल. मग यादीवर सही केली. सोमवारी तेराजणींचे पालक येणार आहेत. त्यांना भेटायला मोठ्या बाईंनी मला सांगितलेलं नाही. मी जाणार आहे. ओटे निघतील तेव्हाही मी तिथे असेन आणि एक ओटा, एक नळ, एक खिडकी एवढं मागेन. संगणकांशेजारी एवढी जागा मावते, मी मापून पाहिली आहे. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणावं लागेल.

प्रमिला, मला तुझी आठवण शांत करत नाही. लोक म्हणतात काळ जाईल तसं हे निवेल. मला ते निवायला नको आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्यावाचून अडली आहे. त्या सहाजणींच्या पेपरांपैकी पाचांवर लिहिलं आहे, ‘काही दिसले नाही.’ सहाव्या मुलीने चौथ्या नळीपुढे निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं आहे, ‘साका नाही. नळीतून खिडकीचे गज दिसतात, पण वाकडे.’ शिल्पाने विचारलं, गज प्रश्नात नाहीत, अर्धा गुण कापू का. ही ओळ तुझ्या बाजूची की माझ्या, ते ठरवायला तू हवी होतीस. मी ती नळी उचलून उजेडात धरली. गज होते, आणि वाकडे होते.

मी पूर्ण गुण दिले.